उजव्या बाजूचा आवाज

तिसराही हेडफोन त्याने कानांवरून उतरवला आणि काउंटरवर ठेवला. यातही तेच. डावीकडून गाणं भरभरून येत होतं, उजवीकडून मात्र जेमतेम, पलीकडच्या खोलीत कुणी गुणगुणावं तसं.

"हाही नाही आवडला?" दुकानदार बाईंनी विचारलं.

"कानशिलं आवळतो," तो म्हणाला. चष्म्याची काडी खरंच रुतत होती, त्यामुळे अगदीच खोटं बोलल्यासारखं झालं नाही.

ऑफिसात त्याला कानसेन म्हणत. बैठका, मुलाखती, चौकशा यांची रेकॉर्डिंग्ज ऐकून शब्दन्‌शब्द टाइप करायचा, हे त्याचं काम. ते तो घरूनच, आपल्या फोनवर रेकॉर्डिंग लावून करी. कुणी मध्येच खोकलं, खुर्ची ओढली, दोघं एकदम बोलले, तरी याच्या तावडीतून शब्द सुटत नसे. गेल्या महिन्यापासून मात्र सुटायला लागले होते. प्रश्न विचारणारा डाव्या बाजूला आणि उत्तर देणारा उजव्या बाजूला ऐकू येईल अशी ही रेकॉर्डिंग्ज असत. याच्या कागदावर प्रश्न सगळे उतरत, उत्तरं अर्धीमुर्धी.

साहेबांनी बोलावून घेतलं. कान दाखवून घ्या म्हणाले, नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. आवाज अजिबात चढवला नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. या वयात दुसरं काम कोण देणार?

बायकोला त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरकडे जायचा धीरही होत नव्हता. त्यापेक्षा हेडफोनवर आळ घेणं सोपं. जुन्याचा स्पंज झडला होता, वायरला चिकटपट्टी लावलेली होती, तेव्हा सगळा दोष त्याचाच असणार अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि सकाळी खिशाला झेपेल असा नवा घ्यायला निघाला. निघताना ओट्यापाशी उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, जरा बाहेर जाऊन येतो. तिने मान वर केली नाही. कालच्या कसल्या तरी बोलण्याचा रुसवा असेल, असं म्हणत त्याने चपला चढवल्या.

आता चौथा हेडफोन. स्वस्तातला, दिसायला बापुडवाणा, पण गाद्या मऊ होत्या. त्याने आपल्या फोनवर तेच गाणं लावलं आणि डोळे मिटले. उजवीकडे पुन्हा तसंच. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चार-चार हेडफोन बिघडलेले नसतात, एवढं त्यालाही कळत होतं.

दुकानदार बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "काका, एक सांगू? उलटा घालून बघा."

"म्हणजे?"

"डावी बाजू उजव्या कानावर."

त्याने हेडफोन फिरवून घातला. उजव्या कानात गाणं दणदणून आलं आणि डावा कान ओस पडला. तो जागच्या जागी उभा राहिला. मग परत सुलट घालून पाहिला, परत उलट.

"तुमचे कान ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. "फोनच एका अंगाला कललाय." त्यांनी फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये शिरून दाखवलं. डाव्या-उजव्या आवाजाची एक पट्टी होती आणि तिच्यावरचा ठिपका पार डावीकडे जाऊन बसला होता. बोट लागून सरकतो कधीकधी, म्हणत त्यांनी तो मधोमध आणला.

दोन्ही कानांत गाणं सारखं भरलं. त्याला हसूही आलं आणि डोळेही भरले. महिनाभर मानगुटीवर बसलेलं भूत क्षणात उतरलं. मघाशी नापास केलेले तिन्ही हेडफोन त्याने पुन्हा लावून पाहिले, तर सगळेच बेटे गोड वाजत होते. मग आवाजाचा प्रश्नच उरला नाही. चष्म्यावर न रुतणारा, तास दोन तास डोक्यावर आहे हे विसरायला लावणारा तो बापुडवाणा चौथाच त्याने घेतला. बाईंचे इतके आभार मानले की त्याच अवघडल्या.

घरी येईपर्यंत तो जवळजवळ पळतच होता. वाटेतूनच साहेबांना फोन करून सांगितलं, कान शाबूत आहेत, फोनची खोड होती, राहिलेलं सगळं काम उद्यापर्यंत देतो. साहेबही मोकळेपणाने हसले.

बायकोला समोर बसवून त्याने सगळं सांगून टाकलं. साहेबांची तंबी, डॉक्टरची धास्ती, कागदावरची अर्धी उत्तरं, दुकानातली फजिती, आणि शेवटी फोनचीच काहीतरी खोड निघाली ते. ती त्याच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होती.

"एकटेच कुढत बसलात महिनाभर," ती म्हणाली. "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुलाही घोर लागला असता."

"आता तरी नीट खा-प्या," असं म्हणून तिने पदराने डोळे टिपले, आणि मग दोघंही हसत सुटली. कितीतरी दिवसांनी घरात हसू ऐकू आलं.

रोज दुपारी तो आडवा झाला की ती त्याचाच फोन आणि जुना हेडफोन घेऊन मालिका बघायची. आता तुला हा मिळणार, म्हणत त्याने नवा हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. गाणं लावलं. तिने गाद्या चाचपल्या, मऊ आहे म्हणाली, खुशीत मान डोलावली. मग थोडी थबकली. हेडफोन इकडे तिकडे सरकवून पाहिला आणि त्याच्या हातातला फोन सहज आपल्याकडे घेतला.

"जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नका," ती त्याला समजावत म्हणाली, "हाही जुन्यासारखाच निघालाय, डावीकडून अगदी बारीक येतं. गेल्या महिन्यात जुन्यासाठी मी फोनमधला ठिपका डावीकडे सरकवला होता, तसाच आताही सरकवते, म्हणजे दोन्हीकडून सारखं येईल."