देखणं झाड

गव्हाचं नवं वाण तयार करणाऱ्या बाई वाफ्यात शिरल्या आणि त्यांनी सगळ्यांत देखणं झाड धरून मुळासकट उपटलं. बांधावर उभे असलेले संचालक साहेब हळहळले.

"अहो बाई, काय ती ओंबी! बियाण्याला ठेवायची सोडून उपटता काय?"

"दिसायला छानच आहे, साहेब. पण शेजारच्यांचं ऊन खाऊन वाढलंय." बाईंनी मुळांची माती झटकली. "याचंच बी शेतभर पेरलं, तर सगळी झाडं उन्हासाठी एकमेकांच्या उरावर बसतील आणि एकरी उतारा घटेल. निवडायची ती बुटकी, शेजाऱ्यावर सावली न पाडणारी."

हे लोकांच्या गळी उतरवता उतरवता बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. साहेबांनी मात्र लगेच मान डोलावली. कुणाला तरी पटलं एकदाचं, म्हणून बाई दिवसभर खुशीत होत्या.

संध्याकाळी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. विभागप्रमुखाची जागा बाईंच्याच हाताखालच्या, बैठकीत कधी तोंड न उघडणाऱ्या माणसाला मिळाली होती. बाईंची बदली झाली होती बियाण्याच्या गोदामावर.

"माझं काय चुकलं, साहेब?"

"छे, छे! तुमच्या तोडीचं इथं आहे कोण?" साहेब अगदी मनापासून म्हणाले. "खरं सांगतो, सकाळपर्यंत सही करायला माझा हात धजत नव्हता. पण तुम्हीच पटवून दिलंत, बाई. बाकीच्यांनाही ऊन मिळायला नको का?"