पाच-दोनच्या वर

"आधी पोरीची आई बघू," पार्श्वनाथ काका म्हणाले, आणि आदितीनं रिंगकडं टाकायला उचललेला बॉल तिच्या हातातच राहिला.

काका शाहूपुरीतल्या या बास्केटबॉल क्लबचे अध्यक्ष. घरी तीस म्हशींचा गोठा. रेडी विकत घ्यायला गेले की ते रेडीकडं बघतसुद्धा नाहीत, आधी तिची आई दावणीतनं सोडून बाहेर आणायला लावतात. हे ते लग्नाच्या पंगतीत बसूनही अभिमानानं सांगायचे. आज पंगत नव्हती आणि गोठाही नव्हता. समोर चौदा वर्षांची प्रेरणा उभी होती.

पुण्याच्या एका अकादमीनं तिला दोन वर्षं ठेवून घेतलं आणि मागच्या महिन्यात सोडून दिलं. का, तर उंची पाच-चारवर अडकली. सकाळच्या पहिल्या एसटीनं ती आईला घेऊन गडहिंग्लजहून आली होती. राज्य स्पर्धेच्या संघात एकच जागा शिल्लक होती आणि नावं संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. बाकी सगळ्या क्लबांच्या याद्या कधीच गेल्या होत्या. इथं झालं तर झालं, नाहीतर यंदा घरी.

आदिती कॅप्टन. अर्ध्या तासापूर्वीच ती प्रेरणाशी एकास एक खेळली होती आणि पाचच्या पाच वेळा गंडली होती. डावीकडनं येतेय म्हणावं, तर पोरगी उजवीकडनं रिंगखाली! पाचव्या बास्केटला आदितीच "नाद खुळा!" म्हणून किंचाळली होती. तेव्हा काका आणि निवड समितीवाले कट्ट्यावर पाठ करून पोहे खात होते.

"काका, तिचा खेळ तरी बघा की एकदा."

"खेळ काय, शिकवता येतोय. हाडं शिकवता येत्यात व्हय?" काकांनी दातात अडकलेला शेंगदाणा काढून पँटला बोट पुसलं. "आई पाच-दोनच्या वर असली तर घ्यायचं. न्हायतर च्या पाजायचा आन् एसटीत बसवायचं."

आवाज खाली आणायची त्यांना गरज वाटली नाही. प्रेरणाची आई, बसव्वा, पाच पावलांवर उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि मान ताठ केली.

एवढ्यात संघाचे कोच शशिधर सर आदितीच्या जवळ सरकले. प्रत्येक सामन्याआधी "वाघिणींनो!" म्हणून अख्खं मैदान दणाणून सोडणारे सर. आता मात्र कुजबुजत होते. "आदिती, तू जरा तिला बाजूला घे आणि विचार. तिचं ते… कधीपास्नं सुरू झालंय. त्यावरनं पुढं किती वाढंल ते कळतंय. तू मुलगी हायस, तुला सांगंल."

"काय सुरू झालंय, सर? मोठ्यानं बोला की."

सर आपल्या बुटांकडं बघायला लागले.

"दिवाळीत," प्रेरणा तिथूनच म्हणाली. "गेल्या दिवाळीत आली पाळी. तेच विचारायचं असतंय न्हवं? तिकडं पुण्यात पन दर म्हैन्याला वहीत लिहून घ्यायचे."

हजेरीला नंबर सांगावा तसं सांगितलं तिनं. कट्ट्यावर एकजण "हां हां, मग हाय अजून चान्स" म्हणाला आणि पुन्हा पोह्यांकडं वळला. आदितीनं हातातला बॉल प्रेरणाकडं टाकला. काल त्याच कट्ट्यावर बसून तिनं ऐटीत फोटो काढून घेतला होता.

मग बसव्वाला रिंगच्या लोखंडी खांबाला टेकून उभं केलं. चपला काढायला लावल्या. अंबाडा मापात येतोय म्हणून काकांनी तो सोडायला सांगितला. तिनं चार माणसांत तोही सोडला. सरांनी तिच्या डोक्यावर वही दाबून धरली आणि टेपचं वरचं टोक पकडलं. खालचं टोक जमिनीला धरायला आदिती.

ती वाकली. साडीचा काठ फरशीला टेकला होता, म्हणून वरून कुणाला काही दिसत नव्हतं. टेप आत सरकवायला आदितीनं काठ बोटभर उचलला.

बसव्वाच्या टाचा जमिनीवर नव्हत्या. भेगाळलेल्या, एसटीतल्या धुळीनं माखलेल्या दोन टाचा चांगल्या दीड इंच वर उचललेल्या होत्या आणि थरथरत होत्या.

"पाच-दोन," वरून सर म्हणाले. "आणि वर अर्धा."

"खाली बरोबर हाय न्हवं गं?" काकांनी विचारलं.

आदितीनं काठ खाली सोडला. "बरोबर हाय, काका. एकदम बरोबर."

"मग लिवा नाव! आरं, च्या सांगा पेशल!"

कट्ट्यावर हसू उठलं. कुणीतरी सरांच्या पाठीवर थाप मारली. आपणही त्यांच्यासारखंच आईचं माप घेऊन पोरीला पास केलं, असं आदितीला वाटलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

मागं बॉल आपटल्याचा आवाज झाला. प्रेरणानं मधल्या रेघेवरनं तो उंच फेकला. रिंगला न शिवता तो जाळीतनं सळ्ळकन खाली आला आणि टप्पे खात कट्ट्यापर्यंत गेला. काकांनी तो पायानं बाजूला सारला आणि कपांची संख्या सांगितली.

सरांनी टेप गुंडाळली. वही काखेत मारून ते चहाकडं गेले.

बसव्वा खांबाला टेकून तशीच उभी होती, केस मोकळे, मान ताठ. झालं, असं तिला कुणी म्हणालंच नव्हतं. आदितीनं खाली बघितलं. साडीचा काठ अजून थरथरत होता.