मंडईला जायला लागणारा वेळ

"मंडईला चालत जायला किती वेळ लागतो, आजी?"

"पाव तास," शिवम्मा म्हणाली आणि चहाची कपबशी प्रीतीपुढं सरकवली. सकाळपासून घरात दुसरं माणूस फिरकलं नव्हतं. ही पोरगी लगेच उठून जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

प्रीतीनं मागल्या वर्षीचा कागद काढून पाहिला. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. पलीकडच्या पेठेतला रस्ता रुंद व्हायच्या आधी ती घरोघरी फिरली होती, आणि आता रस्ता झाल्यावर तेच प्रश्न घेऊन पुन्हा हिंडत होती. शिवम्माच्या गल्लीतली एक फरशीसुद्धा हललेली नव्हती, म्हणून तर तुलनेसाठी ही गल्ली निवडली होती. तिकडं रस्त्यानं काय फरक पडला हे कळायला इकडं काहीच न बदललेली घरं लागतात, असं सर म्हणायचे. सरांनी ती फक्त नकाशावर पाहिली होती.

"गेल्या वेळी तुम्ही अर्धा तास म्हणाला होता, आजी."

"म्या न्हाय. ह्यांनी सांगितलं हुतं."

प्रीतीला आठवलं. मागल्या खेपेला कॉटवर बसून आजोबाच सगळी उत्तरं देत होते आणि शिवम्मा मधे मधे त्यांना खोडून काढत होती. आता कॉटवरची गादी गुंडाळून ठेवली होती. वर भिंतीवर गुरुसिद्ध आजोबांचा फोटो होता, त्याला हार होता.

"वाटंत समदं गाव भेटायचं त्यास्नी," शिवम्मा सांगू लागली. "न्हाव्याच्या दुकानात डोकवायचं, पानपट्टीवर थांबायचं, दूधवाल्याला म्हशीची खुशाली इचारायची. आन् म्या पिशवी घिऊन उनात हुबी. लई वैताग यायचा बघ. आता कोण थांबतंय? सरळ जायाचं, सरळ यायाचं."

प्रीतीनं आकडा लिहायला पेन टेकवलं. मग अवघडून म्हणाली, "पण आजी, इकडचा रस्ता तर होता तसाच आहे. वेळ निम्म्यावर आला म्हटलं, तर सर म्हणतील, मी चुकीचं लिहिलंय."

शिवम्मानं कॉटकडं पाहिलं.

"मग मागलंच लिही की. अर्धा तास," ती म्हणाली. "आन् दोघंबी जातोय म्हणून लिही."