पाहुणे यायच्या आत

ट्रॅक्टर बांधाला लावून म्हातारा खाली उतरला तेव्हा त्याचे गुडघे ठणकत होते, पण जीव सुपाएवढा झाला होता. कालपर्यंत शेतावर जुन्या गव्हाची धसकटं होती, त्यांवर कुजकं काड आणि कसलासा पालापाचोळा. आता काळीभोर माती वर आली होती आणि पाखरं उतरून किडे टिपत होती.

लेकीचा आदल्या दिवशी फोन आला होता. प्रशिक्षण संपलं, येताना गाडीभर शेतकरी घेऊन येते, त्यांना आपलं शेत बघायचंय, म्हणाली. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. म्हातारा मात्र फोन ठेवून तडक शेत बघून आला. सात वर्षं पोरीने या जमिनीला नांगर लावू दिला नव्हता. धसकटांमध्येच चिरा पाडून पेरायची. माती उलटी केली की तिच्यातला जीव मरतो, असं सांगायची. त्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. शेजारी हसायचे. तुमच्या लेकीच्या शेताला कधी फणी लागते का हो, म्हणायचे. तो हसण्यावारी न्यायचा आणि घरी येऊन मुकाट जेवायचा. आता तर परके लोक येणार होते. घरातल्या पसाऱ्यात कोणी पाहुणे बसवतं का? उजाडताच त्याने नांगर जोडला.

गाडी आली. लोक उतरले. लेक सगळ्यांत शेवटी उतरली, बोलत बोलतच बांधाशी आली आणि तिचं बोलणं मधेच तुटलं.

"हे शेजारच्यांचं असेल," पाहुण्यांतला एक जण म्हणाला. "तुमचं कुठलं?"

"हेच की," म्हणत म्हातारा पुढे सरसावला. तुम्ही येणार म्हणून सकाळपासून एकट्याने उरकलं, हेही त्याने सांगून टाकलं. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

लेक खाली बसली. तिने एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. अर्धं तुटलेलं गांडूळ तिच्या तळहातावर वळवळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"चार लोकांत तुझी मान खाली जायला नको म्हणून केलं गं," तो हळूच म्हणाला.

"कळलं मला," ती म्हणाली. "पण बाबा, असलं शेत यांच्या प्रत्येकाच्या घरी आहे."

तिने हात झटकले आणि सगळ्यांना चहाला चला म्हणाली. माणसं तिच्यामागून घराकडे निघाली. म्हाताऱ्याच्याच वयाचा एक पाहुणा तेवढा रेंगाळला. त्याला बहुतेक दया आली असावी. नांगरटीवरून नजर फिरवून त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तासं मात्र अगदी सुतात मारलीत हो. एक वाकडं नाही."

एरवी अशा शाबासकीसाठी म्हाताऱ्याने रस्त्याने जाणाऱ्यालाही बांधावर बोलावलं असतं. आज त्याने खांद्यावरचा हात बाजूला केला आणि तो ट्रॅक्टरच्या आड जाऊन उभा राहिला.