कातळावरची फुलं

सर्व्हरच्या कपाटाला हळदकुंकू लावून झालं आणि साहेबांनी पहिला पेढा हेरंबच्या हातावर ठेवला. "तीनशे गिऱ्हाइकांच्या वेबसाइट एका दिवसात नव्या डिस्कवर नेल्यास, शाब्बास! आता प्रत्येकाला दुप्पट जागा. सगळ्यांना मेलही गेलाय."

हेरंबला पेढा खाववेना. काल फायली कॉपी होताना पडद्यावर एक लाल ओळ आली होती. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त गाठायच्या घाईत त्याने ती वाचलीच नाही आणि जुनी डिस्क पुसून टाकली. आज सकाळी पाहिलं, तर एक खातं रिकामं. वनस्पतिशास्त्राच्या खानविलकरबाईंचं. दुसरी प्रत ठेवायला जागा होतीच कुठे? जागा नव्हती म्हणून तर हा सगळा खटाटोप.

तेवढ्यात फोन वाजला. बाईच होत्या.

"हेरंब का रे? जागा वाढवलीत, मेल वाचला. पण माझी वाढीव जागा दुसऱ्या कुणाला तरी दे. आमच्या गावचा कातळ चिरेखाणीने खाल्ला, आता नवी फुलं कुठून आणू? वीस वर्षांत काढलेले फोटो तेवढे जप. घरचा कॉम्प्युटर कधीच गेला. ती फुलं आता फक्त तुझ्याकडेच उरलीत."

"हो, बाई," हेरंबच्या तोंडून निघून गेलं.

"सुखी राहा."

फोन ठेवला तरी तो पडद्याकडेच बघत राहिला. बाईंच्या नावापुढे त्यांची जागा दिसत होती. दुप्पट झालेली, आणि सगळीच्या सगळी मोकळी.