बोर्डाची पाचर

“बोर्डाने ठरवलंय,” चेअरमन म्हणाले, “सुतारखाना बंद. उद्यापासून तुम्ही यायचं नाही.”

सुतार दाराशी उभा होता. कानावर पेन्सिल, भुवयांत भुसा. एकतीस वर्षं याच कारखान्यात.

“कागदावर सही झाली का, साहेब?”

“चहा झाला की करतो.”

“मग एक विचारू? माझी लेक शाळेत इंग्रजी शिकवते. ती म्हणते, बोर्ड म्हणजे मुळात नुसती फळी. फळीचं टेबल झालं, तर त्यालाही बोर्डच म्हणायला लागले. टेबलावर ताटं आली, तर जेवणही बोर्ड. बोर्डिंग त्यातलंच. मग भोवती माणसं येऊन बसली...” त्याने सातही खुर्च्यांवरून नजर फिरवली. “म्हणजे तुम्ही सगळ्यांत शेवटचे. तर ठरवलं ते कुठल्या बोर्डाने?”

एक डायरेक्टर फिसकन हसले. चेअरमननी पाहताच त्यांनी हसू चहात बुडवलं.

“तुमचं म्हणणं काय?”

“काही नाही, साहेब. हे टेबल माझ्या हातचं. खिळा एक नाही, सगळं पाचरींवर. आता डुगडुगतंय. जाता जाता बघून देतो. कप उचला जरा.”

सातही जणांनी निमूटपणे कप उचलले. बशा मात्र एकमेकांकडे सरकवता सरकवता शेवटी खिडकीत गेल्या.

सुतार टेबलाखाली शिरला. टक, टक, टक. पहिली फळी निघाली, भिंतीला टेकली. मग दुसरी. मग तिसरी. टेबलाचे पाय त्याने काखेत मारले.

“पाचरी झिजल्यात. नव्या कराव्या लागतील,” तो म्हणाला. “सुतारखान्यात.”

बोर्ड गोल बसलं होतं. मध्ये काहीच नव्हतं. आजवर कुणी कुणाचे गुडघे पाहिले नव्हते. आता चौदा गुडघे समोरासमोर आले. एकाच्या मोज्याला भोक होतं. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

चेअरमननी कप जमिनीवर ठेवला, कागद मांडीवर घेतला आणि पेन टेकवलं. पेन कागदातून आरपार जाऊन पँटीत रुतलं.

“अहो सुतार,” मांडी चोळत ते म्हणाले, “एक फळी द्या जरा इकडे.”

“देतो की,” सुतार म्हणाला. “उद्या.”