सातव्या दालनातला राक्षस

“सांगून कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण अख्ख्या मुलुंडात त्या भुयारातून जिवंत वर आलेला माणूस एकच. आणि तो तुमच्यासमोर बसलाय,” दत्ताराम म्हणाला आणि त्याने घावण्याचा तुकडा चटणीत बुडवला.

समोर भीमराज बसला होता. अंधेरीत त्याची व्हिडिओ गेम बनवणारी छोटी कंपनी होती. दत्तारामची पुतणी मानसी तिथे नोकरीला होती आणि दोन वर्षं एकाच गेमवर राबत होती.

“विश्वास बसावा म्हणूनच आलोय, काका,” भीमराज म्हणाला. “उद्या गेम बाजारात सोडतोय. म्हटलं, त्याआधी जिंकलेल्या माणसाचे पाय धरावेत.”

“सर, काका थोडं वाढवून सांगतात हं,” मानसी म्हणाली.

“थोडं?” स्वयंपाकघरातून रत्नप्रभाकाकू म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात ह्यांनी गच्चीवर बिबट्याला चहा पाजला.”

“दूध,” दत्ताराम म्हणाला. “चहा नव्हे. माणसाने खरं बोलावं.”

गेम सांगायला सोपा होता. भुयारात उतरायचं, सात दालनं ओलांडायची, तळाशी बसलेल्या राक्षसाला मारून वर यायचं. वर कोपऱ्यात एक लाल पट्टी, तेवढाच जीव. पट्टी संपली की मेलात. मेलात की जमवलेलं सगळं गेलं, पुन्हा पहिल्या दालनात. आणि भुयारही दर वेळी नवं. काल जिथे दार होतं तिथे आज भिंत.

अडचण होती ती मापाची. मानसीने राक्षसांचे घाव हलके केले की ऑफिसातली मुलं जांभया देत तळ गाठायची. घाव जड केले की नवखा माणूस तिसऱ्या दालनात मरायचा आणि वैतागून गेमच काढून टाकायचा. मधलं माप काही सापडेना.

शेवटी भीमराजने अट घातली. जन्मात गेम न खेळलेल्या माणसाने महिनाअखेरीपर्यंत एकदा तरी तळ गाठून दाखवायचा. मदत कोणी करायची नाही. बाजारात जाईल तोच गेम त्याला द्यायचा. जमलं तर गेम बाहेर. नाही तर गेम बंद, आणि मानसीनेही दुसरीकडे नोकरी बघावी.

मानसीने काकाला लॅपटॉपसमोर बसवलं.

“सुरुवातीला मेलो, नाही म्हणत नाही,” दत्ताराम म्हणाला. “पण का मेलो? संस्कारांमुळे! पहिल्या दालनात शिरलो, अंधार. तिन्हीसांजेला घरात शिरल्यावर माणूस काय करतो? दिवा लावतो. मी मशाल पेटवली. हजारभर वटवाघळं अंगावर.”

“बारा आहेत, काका,” मानसी म्हणाली.

“तुझ्या वेळी बारा असतील. मग एक मूर्ती दिसली. हात जोडले. तिने मुंडकं उडवलं.”

भीमराज मनापासून हसला. “आणि तरी जिंकलात.”

“जिंकलो म्हणजे? शेवटच्या डावात तर असा खाली गेलो, जसं पाणी मोरीत जातं.”

भीमराजने ताटली बाजूला ठेवली. आता तो हसत नव्हता.

“काका, राग मानू नका. जिंकल्याचा स्क्रीनशॉट आमच्याकडे आला, पण खेळताना कोणी पाहिलं नाही. शेवटचा डाव तुम्हीच खेळलात ना? मानसीने बटणं दाबली नाहीत ना?”

मानसी ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली.

“मी खोटा सांगतंय?” दत्ताराम एकदम मालवणीवर आला. “रत्ना, ये गो भायर. सांग ह्यांका.”

रत्नप्रभाकाकू हात पुसत बाहेर आल्या. त्या कधी खोटं बोलत नसत. त्या घरातली निम्मी भांडणं त्यामुळेच व्हायची.

“ह्यांनीच खेळला,” त्या म्हणाल्या. “हिने हातसुद्धा लावला नाही. दाराशी उभी होती नुसती.”

मानसीने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. भीमराजचा चेहरा सैल झाला.

“सॉरी, मानसी. विचारावं लागतं ना यार.” त्याने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. “माप झकास जमलंय तुझं. उद्या सकाळी सोडून टाकू.”

गोष्ट इथे संपली असती. पण दत्तारामला कुठलीच गोष्ट अशी उघडीबोडकी संपलेली चालत नसे.

“अहो, पण सातवं दालन राहिलं! राक्षस ताडाएवढा. कुऱ्हाड उगारली त्याने. मी उजवीकडे उडी मारली, मग डावीकडे, मग त्याच्या दोन पायांमधून—”

“काका, पुरे ना,” मानसी म्हणाली. “सरांना उशीर होईल.”

“उडी कसली मारताय?” रत्नप्रभाकाकूंना राहवेना. “वेंगुर्ल्याहून माझ्या भावाचा फोन आला, तसे उठून गॅलरीत गेलात. आंब्याच्या कलमांवर तुमचं बोलणं संपेना. इथे तो राक्षस तुमच्या बाहुल्याला कुऱ्हाडीने बडवतोय. माझे कांदे चिरून झाले, मासे तळून झाले, तरी आपला बडवतोय. आणि पट्टी लालभडक, भरलेली.”

“बघा!” दत्ताराम मांडीवर थाप मारून म्हणाला. “उडी न मारतासुद्धा मेलो नाही!”

“काकू, चहा टाका ना,” मानसी म्हणाली.

भीमराजने पेढ्यांच्या पुड्याची सुटलेली गाठ पुन्हा बांधली.

“म्हणजे मानसी,” तो म्हणाला, “तू काकांना कच्चा लिंबू म्हणून खेळवलंस.”